‘चांगली केस’

माझ्या रागाबद्दल आमच्या दवाखान्यात बरंच बोललं जातं, आणि त्यातलं बहुतेक खरं आहे. मी सर्जन आहे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पंचवीसेक वर्षं लोकांची पोटं उघडते आणि शिवते. एमबीबीएसची परीक्षा पास झालेली पोरं-पोरी इंटर्न म्हणून आमच्याकडे तीन-तीन महिन्यांसाठी येतात. त्यांना शिकवायचं कामही माझ्याकडेच आहे. शिकवणं मला मनापासून आवडतं. इतकं आवडतं, की त्या आवडीपायी मी एका बाईचा जीव धोक्यात घातला. ती बाई, तिची गुरू, बारा इंटर्न आणि आमच्या वॉर्डाच्या सिस्टर, एवढ्या माणसांची मी ऋणी आहे. तोंडावर आभार मानायला गेले की माझा आवाज उगाच चढतो, म्हणून लिहून मोकळी होतेय.

ती आली तेव्हा ऊन नुकतंच तापायला लागलं होतं. माजलगावची तृतीयपंथी बाई, वय अठ्ठावीस-तीस. तिथं तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. निम्म्या गावाच्या बायका तिच्याकडे माप देतात आणि तिच्या हाताला सफाई आहे म्हणतात. कालपासून लघवी अडकलेली, पोट टम्म फुगलेलं, उभंही राहवत नव्हतं. फार वर्षांपूर्वी कुणा अडाण्यानं बंद खोलीत तिच्यावर शस्त्रक्रिया केली होती. तिथली जखम भरताना लघवीची वाट आकसत गेली आणि आता पार बुजली होती. खालून नळी जाणं शक्यच नव्हतं. मी बेंबीखाली छेद घेऊन पोटातूनच नळी घातली, पिशवी जोडली. पिशवी भरत गेली तसा तिचा चेहरा निवळत गेला. तिनं माझा हात धरला. “म्याडम, तुमी माय हाव माजी,” म्हणाली. मी खूश झाले. कोण होणार नाही?

केस पेपरवर नोंदणीच्या खिडकीतल्या माणसानं ‘पुरुष’ लिहिलं होतं, म्हणून तिला पुरुषांच्या वॉर्डात खाट मिळाली. मी तो कागद चार वेळा हातात घेतला आणि चारही वेळा माझी नजर फक्त लघवीच्या आकड्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला बारा इंटर्न माझ्यामागे होते. तिच्या खाटेशी आले आणि मी म्हणाले, “चांगली केस आहे. या सगळे पुढे.” हा आमच्या धंद्यातला शब्द. रोग्याचं जितकं वाईट, तितकी केस चांगली. माझ्या सरांनी मला असंच शिकवलं, त्यांच्या सरांनी त्यांना. मी चादर बाजूला केली, साडी वर केली आणि इंग्रजीतून बोलायला लागले. काय कापलंय, काय उरलंय, वाट कुठे बंद झालीय, सगळं बोट दाखवून सांगितलं. मागची पोरं टाचा उंचावून बघत होती. शेजारच्या खाटांवरच्या पेशंटांचे नातेवाईक डबे हातात घेऊन येऊन उभे राहिले, तेही बघू लागले. ती कोपर डोळ्यांवर घेऊन पडून होती. मला वाटलं, खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येत असेल. मी एका पोराला खिडकी लोटून घ्यायला सांगितलं.

दुपारी खाट रिकामी होती. पोटातली नळी आणि पिशवी साडीखाली बांधून ती निघून गेली होती. मी केस पेपरवर ‘न सांगता गेला’ असं लिहिलं आणि भडकले. एवढं करून उपकाराची जाणीव नाही लोकांना, वगैरे माझं नेहमीचं कीर्तन सुरू झालं. वॉर्डाच्या सिस्टर माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. त्या सुया मोजत होत्या. माझं संपेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, “म्याडम, तिच्या दुकानात ब्लाउजच्या मापाला बी पडदा हाय. मी तिथंच शिवून घेते.” एवढं बोलून त्या पुन्हा सुया मोजायला लागल्या. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

आता त्या नळीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. अशी नळी महिन्या-सव्वा महिन्यानं बदलावी लागते. नाही बदलली, की आतून क्षार धरतात, भोक बुजतं, लघवी मागे किडनीकडे सरकते, ताप चढतो, आणि माणूस जातं. दुसरी वाट तिला नव्हती. म्हणजे तिनं पुन्हा दवाखान्यात येणं किंवा मरणं, असा सरळ हिशोब होता. तिनं दिलेला नंबर बंद लागत होता. पहिला आठवडा गेला, तिसरा गेला, महिना झाला.

त्याच सुमाराला मेडिकल कॉलेजातून पत्र आलं. इंटर्न मुलांना एलजीबीटीक्यू लोकांच्या आरोग्याबद्दल शिकवा, म्हणून. माझ्या नावावर हे काम टाकण्याचं कारण असं सांगण्यात आलं, की मी ‘मोकळं बोलते’. मी रात्रंदिवस खपून स्लाइड तयार केल्या. समलिंगी म्हणजे काय, उभयलिंगी म्हणजे काय, पारलिंगी म्हणजे काय. प्रत्येकाची व्याख्या, प्रत्येकाला होऊ शकणारे आजार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तिसऱ्या स्लाइडला मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली, पाचव्याला माझा आवाज चढला, सातव्याला मी एकाला बाहेर काढलं. शेवटी विचारलं, “काही शंका?”

एक मुलगी उठली. माजलगावच्या लिंगायत व्यापाऱ्याची लेक. बाजारात त्यांचं मॅचिंग सेंटर आहे, साड्यांना लागणारे फॉल, अस्तर, परकर विकतात. एरवी ही पोरगी विचारल्याशिवाय बोलायची नाही. ती म्हणाली, “मॅडम, ती पेशंट कुठं आहे?”

कुठली, असं विचारायची गरज नव्हती.

“ती आमच्या दुकानात अस्तर घ्यायला येते,” ती म्हणाली. “लहानपणापासून बघते मी तिला. राउंडला तिनं मला ओळखलं, मॅडम. तुम्ही पुढे या म्हणालात आणि मी आले.” वर्गात कुणी हसलं नाही. मी प्रोजेक्टर बंद केला. राग आला होता, पण या वेळी तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं, कारण मी सोडून तिथं कुणीच सापडेना.

रविवारी आम्ही दोघी माजलगावला गेलो. दुकानाला आतून कडी होती. शेजारच्या घराच्या ओट्यावर तिची गुरू, म्हणजे तृतीयपंथीयांच्या रीतीनं तिची आईच, बसली होती. साठी ओलांडलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात अडकित्ता. सगळा बाजार तिला अक्का म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणालो.

“बसा,” अक्का म्हणाली. “च्या पिता का? का आमच्या घरचा चालत न्हाई?”

“पिते की,” मी म्हणाले. “अक्का, तिची नळी बदलायला पाहिजे. दिवस भरून गेलेत. किडनीवर येईल.”

“ते तिला बी ठावं हाय. मेले तर मेले म्हणती, पर त्या खाटंवर न्हाई निजणार.” अक्कानं सुपारी कातरली. “तुमी आल्यात म्हणलं, तर कडी लावून घेतली बघा. मला सांगा डॉक्टरीणबाई, तिला कावून उगडी केली चार लोकांत? जीव वाचवला तुमीच, अन् अब्रू बी तुमीच घेतली.”

माझ्याकडे एक उत्तर होतं, ‘आमच्यात असंच शिकवतात’, पण ते जिभेवर येईपर्यंतच इतकं खोटं वाटलं की मी गिळून टाकलं. मी म्हणाले, “चुकलं माझं. तुम्ही येऊन या पोरांना शिकवा. मला येत नाही.”

“म्हंजी आता माजी केस करणार?”

“नाही. तुम्ही शिकवायचं, आम्ही ऐकायचं.”

अक्कानं पोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अट घातली. “येते. पर आदी तुमी आमच्यावानी दवाखान्यात जाऊन या. तुमचा न्हाई, जिथं तुमाला कुणी वळखत न्हाई असा. ते पांढरं अंगात घालायचं न्हाई. डॉक्टर हाव म्हणायचं न्हाई. खिडकीवर उभं ऱ्हाऊन सांगायचं, लघवीच्या जागी दुखणं हाय. सगळ्यांनी. तुमी बी.”

ज्यांनी आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात केस पेपर काढलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. एक खिडकी असते, काचेला बशीएवढं भोक असतं. पलीकडचा माणूस विचारतो, “काय होतंय?” पंख्याच्या आणि गर्दीच्या आवाजात त्याला ऐकू जावं म्हणून ओरडून सांगावं लागतं. मग तो तेवढ्याच मोठ्यानं ते परत म्हणतो आणि खोलीचा नंबर सांगतो. खोकला असेल तर यात काहीच वाईट नाही. इतकी वर्षं मी दवाखान्यात मागच्या दारानं जाते-येते. खिडकी मी आतूनच पाहिली होती.

दुसऱ्या तालुक्यातल्या एका दवाखान्याचा डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. त्याला तेवढं फोनवर सांगून ठेवलं, म्हणजे आमच्यापायी खऱ्या पेशंटांचा खोळंबा नको. बुधवारी साडेअकराला, गर्दी ओसरल्यावर, आम्ही तिथं पोचलो. अक्का आमच्याआधी येऊन समोरच्या लिंबाच्या पारावर बसली होती.

होस्टेलवर ज्याच्या चावट विनोदांवर सगळे हसतात तो गडी खिडकीशी गेला आणि म्हणाला, “सर्दी.” एकानं दुखणं इंग्रजीत सांगितलं. आतून आवाज आला, “मराठीत बोला की, साहेब.” दोघं रांगेतूनच परत फिरले. एका पोरानं मात्र सांगितलं, नीट, मोठ्यानं. आतला ओरडला, “लघवीच्या जागी? जा, नऊ नंबर!” आणि दोन्ही रांगांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो पोरगा तिथंच क्षणभर उभा राहिला, मग सरळ चालत बाहेर आला. माजलगावच्या पोरीनंही सांगितलं. मागची एक बाई तिला विचारायला लागली, “लगीन झालं का गं तुजं?”

मग माझी पाळी. माझ्या पुढं एक म्हातारी, मागं लेकरू काखेत घेतलेली एक तरुण बाई. आयुष्यभर लोकांना ‘लाजू नका, सांगा’ म्हणून ओरडणारी मी. भोकापाशी तोंड नेलं. आतल्यानं मान वर न करता विचारलं, “काय होतंय?” मी म्हणाले, “डोकं दुखतंय.”

केस पेपर मिळाला. पॅरासिटामॉलच्या गोळ्याही मिळाल्या. त्या हातात घेऊन मी पारापाशी आले तेव्हा अक्का टाळी वाजवून हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “डॉक्टरीणबाई, या गोळीनं लघवी व्हती का वो?” आणि मग इंटर्नही हसले, आणि मी माझ्या विद्यार्थ्यांसमोर पहिल्यांदा स्वतःवर हसले. शरमेनं कान तापले होते, तरी हसले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ही म्हण मी हजारदा वापरली असेल. त्या दिवशी तिचा चटका मला बसला.

पुढच्या सोमवारी अक्का आमच्या दवाखान्यात आली. तिला माझी खुर्ची दिली आणि मी बाकावर बसले. तिनं एकही व्याख्या सांगितली नाही. म्हणाली, “पयलं नाव इचारा. कागदावरचं न्हाई, तुला काय म्हणू, असं इचारा. मंग इचारा, कुण्या वॉर्डात ठिवू. बायांच्या वॉर्डात लाज वाटंल का बाप्यांच्या, ते आमाला ठावं असतंय, खिडकीतल्याला न्हाई. हात लावायच्या आदी सांगा, अन् बघायला कुणी थांबायचं, कुणी न्हाई, ते बी आमालाच इचारा.” एका पोरानं वहीत लिहायला सुरुवात केली. अक्का म्हणाली, “लिवू नको. ध्येनात ठिव.”

मग ती जे बोलली ते कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. “निसते आमीच न्हाई. लगीन झालेले, लेकरंवाले बाप्ये येत्यात माज्याकडं, रडत्यात. बाप्यावरच जीव हाय, कुणाला सांगावं? आजार लागला तर तुमच्याकडं येऊन ‘कमजोरी आली’ म्हणत्यात. तुमी इचारता, लगीन झालं का, लेकरं किती. त्यो म्हणतो दोन. झालं, तुमी ताकदीचं औषिद लिवून दिलं.” मी मनात माझे ‘कमजोरी’वाले पेशंट आठवायला लागले. आठवता आठवता थांबले, कारण ते फार होते आणि मी ताकदीच्या गोळ्या फार लिहिल्या होत्या.

वर्ग सुटल्यावर, ज्या पोरानं खिडकीशी ठरलेलं दुखणं मोठ्यानं सांगितलं होतं तो अक्काबरोबर गेटपर्यंत गेला. अर्धा तास दोघं रिक्षाशी उभे राहून बोलत होते. काय बोलले ते मी विचारलं नाही. कधी विचारायचं नाही, ही गोष्ट मी नुकतीच शिकले होते.

जाताना मी अक्काला म्हणाले, “तिला सांगाल का, ये म्हणून?”

“ये म्हणून न्हाई सांगणार. इथं काय झालं त्ये सांगीन. तुमचं डोकं दुकलं त्ये बी सांगीन. फुडं तिची मर्जी.”

सिस्टरांनी स्टोअरमधून हिरवं कापड काढलं आणि ड्रेसिंगच्या खोलीत आणि वॉर्डातल्या दोन खाटांना पडदे लावून टाकले. मागणीपत्र वगैरे नंतर. इंटर्न राउंडला पेशंटला आधी विचारू लागले. पहिल्या दिवशी एक आजोबा दचकले. “आता मला कावून इचारायलाव? मी काय साहेब हाय का?” म्हणाले, आणि खुशीत त्यांनी आपलं हर्नियाचं पोट सगळ्यांना दाखवलं. मला हे सगळं बघून बरं वाटत होतं आणि रोज सकाळी मी त्या नळीचे दिवस मोजत होते. दोन महिने पुरे व्हायला आले होते. पडदे लागले, पण जिच्यामुळे लागले ती माजलगावात कडी लावून बसली होती आणि तिच्या पोटातली नळी दगड होत चालली होती. त्या आठवड्यात मी कारण नसताना कितीजणांवर खेकसले याची गणती नाही.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला रिक्षा आली. उतरून ती ड्रेसिंगच्या खोलीच्या चौकटीला धरून उभी राहिली. अंगात ताप, तोंड सुकलेलं, आणि पिशवी कालपासून कोरडी. नळी बुजली होती. मी हातातलं टाकून पुढे झाले. दोन महिने मी माझी माफी घोकत होते, चांगली चार-पाच वाक्यं तयार होती. पहिलं वाक्य अर्धं झालं असेल.

“म्याडम,” ती म्हणाली, “तुमी भाएर थांबा. सिस्टर अन् ती पोरगी ऱ्हाऊ द्या.”

माझी माफी तिला नको होती. तिला नळी बदलून हवी होती, आणि ती कुणाच्या हातून, हे तिनं ठरवलं होतं.

माजलगावच्या पोरीनं अशा नळ्या माझ्यासमोर चार-पाच वेळा बदलल्या होत्या, पण अडकलेली एकही नाही. मी दारातच तिला एका दमात सांगितलं, ओढायचं नाही, आधी टोकाचा फुगा पूर्ण रिकामा कर, नळीत थोडं पाणी मार, हलकेच फिरव, रक्त आलं तर हाक मार. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं मान हलवली आणि दार लावून घेतलं. ज्या खोलीत पंचवीस वर्षं मी म्हणेन ती पूर्व दिशा, त्या खोलीच्या बाहेर मी उभी राहिले.

आतलं सगळं ऐकू येत होतं. पोरगी विचारत होती, “ताई, साडी कुठवर घेऊ? तुम्ही सांगा.” मग तिचा आवाज, “बस, इतकीच.” मग भांड्यांचा आवाज. मग एक कळवळल्याची हाक, आणि माझा हात दाराच्या कडीवर गेला. सिस्टर आतून म्हणाल्या, “निघायलीय, निघायलीय.” मी हात मागे घेतला. ती दोन-तीन मिनिटं माझ्या हाताला जेवढी जड गेली, तेवढं कुठलंही ऑपरेशन गेलेलं नाही. मग पिशवीत धार पडल्याचा तो आवाज आला. असल्या आवाजाला छान म्हणतं का कुणी? मी म्हणते. पोरगी आत हसत होती आणि बहुतेक रडतही होती. आणि ती, जी मला आत घ्यायला तयार नव्हती, ती तिला म्हणत होती, “उगी गं माय, उगी. झालं की.”

दार किलकिलं झालं. पोरगी बाहेर आली, ट्रेमध्ये जुनी नळी, टोकाला पांढरा खडा धरलेला. “मॅडम, लघवी साफ येतीय. तापाचं औषध सुरू केलंय. मोठ्या ऑपरेशनसाठी पुढे पाठवायचं तिला समजावून सांगितलं, विचार करते म्हणाली. आणि ती विचारतीय, पुढची नळी बदलायला कधी येऊ?”

मी तारीख सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. “तिला कधी जमतं ते विचार,” म्हणाले.

पोरगी आत गेली. दार पुन्हा लागलं. मी भिंतीला टेकून खाली बसले, आणि येणारी-जाणारी माणसं बघत असताना, त्या बंद दाराकडे तोंड करून हात जोडले.